खुर्ची हवी का तुम्हाला?

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. खुर्चीला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्यावर बसून माणसांनी जे जे सांगितलं ते तुम्ही ऐकलं असतं, तर तुम्हालाही आला असता.

मला एका सुताराने बनवलं, त्याच्या बायकोसाठी. ती नुकतीच वकील झाली होती. कोर्टाच्या मागच्या गल्लीत तिने एक खोली भाड्याने घेतली. पुढे तिचं ऑफिस, मागच्या शेडमध्ये त्याचं सुतारकाम. एका शाळेच्या बाकांचं काम झालं होतं, त्यातलं लाकूड उरलं होतं. त्यातून त्याने मला जोडलं, घासलं, पॉलिश केलं आणि उचलून पुढच्या खोलीत आणलं.

ती माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अहो सुतार, हिला हात कुठे आहेत?"

"वकीलबाई, ही तुमच्यासाठी नाही, अशिलांसाठी आहे असं तुम्हीच म्हणालात." अशील म्हणजे आपलं भांडण घेऊन वकिलाकडे येणारा माणूस. "अशिलांना हात कशाला? ते थोडेच राज्य करणार आहेत?"

"म्हणूनच हवेत. माणूस घाबरला की त्याला काहीतरी धरायला लागतं."

सुतार मला परत मागे घेऊन गेला आणि त्याने मला हात बसवले. ती दोघं एकमेकांना अशीच हाक मारायची, अहो सुतार आणि अहो वकीलबाई. भांडण झालं की मात्र नुसतंच "अहो".

मग माझं काम सुरू झालं. माझ्यावर कोण कोण बसलं! मालकाने गाडीचे ब्रेक दुरुस्त केले नाहीत आणि अपघात झाल्यावर ज्याच्यावर सगळं ढकललं, तो ड्रायव्हर. घरमालकाने सामान रस्त्यावर फेकलेलं म्हातारं जोडपं. ती दोघं आळीपाळीने बसायची, कारण मी एकच होते. चोरीचा आळ आलेली दवाखान्यातली आया. खोट्या कागदावर अंगठा उठवून घेतलेला माळी. मोठी माणसं आमच्याकडे येत नसत. त्यांचे वकील कोर्टासमोरच्या उंच इमारतीत बसायचे आणि तिथे लिफ्ट होती.

या सगळ्या लोकांची एक गोष्ट सारखी होती. ते बसायचे, माझे हात घट्ट धरायचे आणि पहिलं वाक्य म्हणायचे, "बाई, चूक माझीच असेल, पण..."

हे ऐकलं की वकीलबाईंच्या कपाळाची शीर उडायची. "कोणी सांगितलं तुम्हाला तुमची चूक आहे? ज्याने सांगितलं त्याचं नाव सांगा आधी." आणि नाव सांगितलं की ते नेहमी त्याच माणसाचं असायचं, ज्याची खरी चूक होती.

कोर्टात साक्ष द्यायला उभं राहण्यासाठी लाकडी कठडा असतो. लोक त्याला पिंजरा म्हणतात. साक्षीदाराला आधी आपला वकील प्रश्न विचारतो, मग समोरचा वकील उठतो आणि त्याला खोटं पाडायचा प्रयत्न करतो. त्याला उलटतपासणी म्हणतात. गरीब माणूस खरं बोलत असला तरी पिंजऱ्यात उलटतपासणीला फुटतो. आवाज चढला की तो गप्प होतो. मग सगळ्यांना वाटतं, हा खोटारडा.

म्हणून वकीलबाईंची एक पद्धत होती. साक्षीच्या आधी त्या आपल्या अशिलाला माझ्यावर बसवायच्या आणि स्वतः समोरच्याचा वकील व्हायच्या. चष्मा नाकाच्या टोकावर ओढायच्या, टेबलावर थाप मारायच्या आणि असं ओरडायच्या, की पहिल्या वेळी सुतार हातात पटाशी घेऊन मागून धावत आला होता.

"काय झालं? कोण मारतंय?"

"कोणी नाही. मी यांची उलटतपासणी घेतेय. जा तुम्ही, तुमचं फळकूट तासा."

अशिलाला त्या आधीच बजावून ठेवायच्या, "या खुर्चीत बसलात की मी तुमची नाही. उठलात की तुमची. आणि उत्तर काय द्यायचं हे मी सांगणार नाही. जे झालं तेच सांगायचं. खोटं बोलायचं असेल तर दुसरा वकील बघा." माणसं माझ्यावर रडली, चिडली, एकाने तर वकीलबाईंनाच शिवी घातली. पण कोर्टात ती फुटली नाहीत. आरडाओरडा त्यांनी इथे सोसलेला असायचा.

या पद्धतीत एक भोक होतं. ते कोणालाच दिसलं नव्हतं. इस्त्रीवाली आली तेव्हा ते दिसलं.

ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. चादरींना इस्त्री करणारं यंत्र म्हणजे दोन तापलेले लांब रोलर. त्यांच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात पुढे गेला आणि दांडीला लागला, की यंत्र जागच्या जागी थांबतं. पण चादरीची घडी लागली तरी ते थांबतं. दिवसातून कितीदा तरी थांबायचं. काम अडायचं. म्हणून सुपरवायझरने सांगून ठेवलं होतं की पाळी सुरू झाली की दांडी वर उचलायची आणि फाटक्या चादरीच्या पट्टीने बांधून टाकायची. ज्याची पाळी, त्याने बांधायची.

त्या दिवशी पाळी तिची होती. दांडी तिने बांधली. दुपारी चादरीबरोबर तिचा उजवा हात रोलरमध्ये गेला. यंत्र थांबलं नाही.

ती माझ्यावर बसली तेव्हा तिने माझा डावा हात धरला. उजव्या बाहीच्या टोकाला गाठ मारलेली होती. तिच्या मागे तिची मोठी जाऊ उभी होती. तीही त्याच लाँड्रीत कामाला होती.

"भरपाई मिळेल," वकीलबाई म्हणाल्या. "ती आपण घेऊच."

"भरपाई मिळाली तर बरंच आहे, बाई," इस्त्रीवाली म्हणाली. "पण आधी ती पाटी काढा."

"कसली पाटी?"

जाऊ म्हणाली, "गेटवर लावलीय. आम्ही आत जातो तिथेच, डोक्याच्या वर. 'निष्काळजीपणाचा परिणाम पाहा. स्वतःच्या चुकीने एका कामगाराने हात गमावला. सावध राहा.' रोज तिच्याखालून जाते मी. नव्या पोरी विचारतात, कोण हो ती वेंधळी? मी काय सांगू? माझी जाऊ?"

वकीलबाईंनी कागद ओढला. कोर्टाकडे जे मागायचं ते त्यात लिहायचं होतं, आणि पहिली मागणी त्यांनी पाटीचीच लिहिली.

मित्रांनो, दुसऱ्याचा हात जाईल असं यंत्र चालवायचं आणि वर त्याच्याच नावाने पाटी लावायची, हे करणारी माणसं कशी दिसत असतील असं मला वाटायचं. पुढे मी ती पाहिली. साधी माणसं होती. पॅन्टशर्ट घालतात, घड्याळ बघतात.

साक्षीची तारीख जवळ आली तसं वकीलबाईंनी इस्त्रीवालीला माझ्यावर बसवलं. चष्मा खाली आला. टेबलावर थाप पडली. "दांडी कोणी बांधली? बोला! कोणी बांधली दांडी?"

पहिल्यांदा ती रडली. दुसऱ्यांदा तिने विचारलं, "बाई, मी बांधलीच नाही असं म्हणू का?"

"म्हण. आणि दारातून बाहेर जा."

"पण मी बांधली म्हटलं तर ते म्हणतील, हिचीच चूक."

"तू बांधलीस, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कोण सांगणार? मी?"

मग ती म्हणायला शिकली, "दांडी मी बांधली, पण सुपरवायझरने बांधायला लावली." वकीलबाई ओरडल्या तरी ती तेच म्हणायची. दारामागून ओरडल्या तरी तेच. आवाज फुटायचा थांबला. माझ्या हातावरची तिची पकड सैल झाली. वकीलबाई खूश झाल्या आणि त्यांनी सुताराला चहा टाकायला सांगितला.

साक्षीच्या दिवशी संध्याकाळी त्या तिघी परत आल्या. इस्त्रीवाली माझ्यावर बसली नाही, बसवली तरी उठली. वकीलबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. काय झालं ते जाऊ सांगत होती, आणि रागाने कंपनीच्या वकिलाची नक्कल करत होती.

"हा असा उठला. हसला. बटन लावलं. मला वाटलं आता ओरडणार. तर मेला म्हणतो कसा, अगदी मावशीसारखा, 'ताई, तुम्हाला उभं राहवत नसेल. खुर्ची हवी का तुम्हाला?' एवढंच! एवढंच विचारलं त्याने!"

"आणि?" सुताराने विचारलं.

"आणि ही ओरडली, 'दांडी मी बांधली, पण सुपरवायझरने बांधायला लावली!' सगळं कोर्ट हसलं, दादा. पट्टेवाला हसला. तो वकील म्हणतो, 'अहो ताई, मी खुर्चीचं विचारलं. दांडीचं कोणी विचारलं? हे उत्तर तुमचं आहे की तुमच्या वकिलांनी पाठ करून घेतलंय?' आणि खाली बसला. म्हणाला, आणखी प्रश्न नाहीत. झालं! आमचं वाटोळं झालं."

"मला खुर्ची एवढंच ऐकू आलं," इस्त्रीवाली म्हणाली. "खुर्ची म्हटलं की तोंडातून तेच येतं माझ्या."

ते भोक हे होतं, मित्रांनो. वकीलबाईंनी माणसांना ओरडणं सोसायला शिकवलं होतं. गोड बोलणं सोसायला शिकवलं नव्हतं. त्यांच्या अशिलांशी आजवर कोणी गोड बोललंच नव्हतं, म्हणून तशी तयारी करून घ्यावी हे त्यांना कधी सुचलं नाही.

दोनच दिवसांनी कंपनीचा माणूस इस्त्रीवालीच्या घरी गेला. चूक माझी होती एवढं लिहून दे, भरपाई लगेच देतो, कोर्टात खेटे घालायला नकोत, असं तो म्हणाला. जाऊ तिला घेऊन आली ती हेच सांगायला.

"घेऊ द्या तिला, बाई," जाऊ म्हणाली. "मलाही त्याच गेटातून आत जायचंय. उद्या मला काढलं तर घर कोण चालवेल? आणि तुम्ही काय, तुम्ही शिकवलंत तसंच बोलली ना ती? तुमच्यामुळेच हसं झालं तिचं."

मला वाटलं, आता वकीलबाई भडकणार. त्या भडकल्या नाहीत.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "हसं माझ्यामुळे झालं. ती चूक माझी. पण त्या कागदावर सही करायची तर तिथे माझी चूक लिहा. हिची कशाला लिहिता? हिची एकही चूक नाहीये यात. ना दांडीची, ना खुर्चीची."

इस्त्रीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. तिने आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाला असं म्हणताना ऐकलं असावं.

"बाई, पुढच्या तारखेला तुम्हाला मला पुन्हा विचारता येतं ना?"

"येतं. फेरतपासणी म्हणतात त्याला. समोरच्याने जे काढलं, त्याबद्दल विचारता येतं."

"मग विचारा. या वेळी मला शिकवू नका. मी सही करणार नाही."

जाऊने कपाळावर हात मारला. पण ती थांबली.

फेरतपासणीत काय झालं ते मला पुढच्या तारखेच्या संध्याकाळी कळलं, कारण जाऊची नक्कल आता वेगळीच होती. वकीलबाईंनी सरळ विचारलं होतं, "त्यांनी खुर्चीचं विचारलं आणि तू दांडीचं सांगितलंस. असं का?"

"कारण तुम्ही मला ऑफिसात खुर्चीत बसवून तेच विचारत होतात. ओरडून ओरडून."

कंपनीचा वकील टुणकन उठला, "बघा साहेब! कबूल झाली!" जजसाहेबांनी त्याला बसायला सांगितलं आणि स्वतः विचारलं, "उत्तर काय द्यायचं, हे वकिलांनी सांगितलं होतं का?"

"नाही साहेब. मी बांधली नाही असं म्हणू का, असं मीच विचारलं होतं. तर त्या मला दार दाखवायला लागल्या."

मग वकीलबाई म्हणाल्या होत्या, "साहेब, मी साक्षीदार पढवला असता, तर 'दांडी मी बांधली' हे वाक्य मी तिच्या तोंडी घातलं असतं का? इतकी वाईट वकील मी नाही." त्या दिवशीही कोर्ट हसलं, पण वेगळ्या बाजूने.

आता राहिली सुपरवायझरची साक्ष. मित्रांनो, मला खरा राग इथे आला. पहिल्या तारखेला तो आजारी. दुसऱ्या तारखेला तो गावाला. तिसऱ्या तारखेला त्यांच्या वकिलाला दुसरीकडे काम. कंपनीने तारीख मागायची आणि कोर्टाने द्यायची. इस्त्रीवाली दर वेळी यायची, बाहेरच्या बाकावर बसायची आणि परत जायची.

याच काळात वकीलबाई आजारी पडल्या. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी आराम सांगितला.

सुतार म्हणाला, "अहो, तुम्हीही मागा की एक तारीख. ते इतक्या मागतात."

"ते मागतात तेव्हा त्यांचं काही जात नाही. मी मागितली की ती पाटी आणखी तेवढे दिवस राहते."

"आणि तुमचं काय जातं ते कोण मोजणार?"

"तुम्ही सुतार आहात. तुम्ही मोजा," असं म्हणून त्या हसल्या. सुतार हसला नाही. त्या दिवशी मागच्या शेडमध्ये त्याने एका चांगल्या फळीवर विनाकारण रंधा मारला आणि ती फुकट घालवली.

शेवटी सुपरवायझर आला. त्या संध्याकाळी वकीलबाई ऑफिसात आल्या आणि आपल्या जागेपर्यंत गेल्याच नाहीत. त्या माझ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी बसल्या नव्हत्या. वजनच नव्हतं. मला वाटलं, एखादी शाळकरी मुलगी बसली. सुतार दारात उभा होता. त्याने ते पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

पण त्या खुशीत होत्या. "अहो सुतार, ऐका तर. मी ओरडलेच नाही आज. ओरडायला अंगात दमही नव्हता. मी त्याला म्हटलं, 'दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील तुमचे. खुर्ची हवी का तुम्हाला?' बसला हो! हुश्श म्हणाला! मी विचारलं, त्या दांडीचा त्रास होत असेल नाही? तर म्हणतो, 'विचारू नका मॅडम, घडी लागली की मशीन बंद. दिवसाचं काम कसं उरकायचं?' मी म्हटलं, खरंच हो, मग काय करायचात? म्हणाला, 'बांधायला सांगायचो.' कोणाला? 'जिची पाळी असेल तिला.' आणि नाही बांधली तर? 'तर दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणायचो.' तेव्हा कुठे त्याने आपल्या वकिलाकडे बघितलं. त्या वकिलाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता."

"पाणी देऊ?" सुतार म्हणाला.

"द्या. आणि मला जरा उठवा."

शेवटचा युक्तिवाद त्यांनी एका हाताने टेबल धरून केला. निकाल राखून ठेवला गेला. निकाल यायच्या आत त्या गेल्या.

शोकसभा आमच्याच गल्लीत झाली. मला बाहेर काढलं आणि माझ्यावर त्यांचा फोटो ठेवला. तो पाठीला टेकवला होता, म्हणून मला सगळी भाषणं ऐकावी लागली. उंच इमारतीतले वकील आले होते. जे त्यांना पाठीमागे फुकटवाली म्हणायचे, ते आता गरिबांची माउली म्हणाले. सगळ्यात चांगलं भाषण कंपनीच्या वकिलाने केलं. "त्या माझ्या विरोधक नव्हत्या, माझ्या भगिनी होत्या," असं म्हणून त्याने डोळे पुसले. सुतार मागे उभा होता. त्याच्या केसात भुसा होता.

दुसऱ्या दिवशी याच भावाने कोर्टात अर्ज दिला, की समोरच्या वकीलबाईंचं दुःखद निधन झालेलं आहे, तरी निकाल पुढे ढकलावा. त्यांच्या मरणावरसुद्धा त्याने एक तारीख मागितली, मित्रांनो. मला पाय असून चालता येत नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. जजसाहेबांनी अर्ज फेकून दिला. युक्तिवाद संपलेला आहे, आता वकील कशाला लागतो, असं ते म्हणाले.

त्यानंतर खोली बंद झाली. सुतार मागच्या शेडमध्ये यायचा, पण मधलं दार उघडायचा नाही. माझ्यावर धूळ बसली. इतकी माणसं बसून गेल्यावर धूळ बसलेली मला सोसवत नव्हती. माझ्यावर माणसांचं वजन होतं तेव्हा मी बरी होते. पॉलिश गेलं. पाठीची एक पट्टी निसटली आणि लोंबत राहिली. पूर्वी साधं करकरले तरी सुतार येऊन बघायचा. आता पट्टी निसटली तरी कोणी आलं नाही. मी त्याच्यावर रागावले नाही. एवढ्या एकाच माणसावर मी रागावले नाही.

एक दिवस पुढच्या दारावर थाप पडली. "दादा, आहात का?" इस्त्रीवालीचा आवाज. बरोबर जाऊ होती.

सुताराने मधलं दार उघडलं आणि मग पुढचंही. त्याला माझ्याकडे बघावंसं वाटत नव्हतं, पण पाहुणी आली म्हणून त्याने मला फडक्याने पुसलं. ती बसली.

"निकाल लागला, दादा. चूक कंपनीची. माझी नाही, असं लिहिलंय. भरपाईही द्यायला सांगितलीय. आणि पाटी काढायला सांगितलीय."

सुतार बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिला. "चांगलं झालं," तो म्हणाला. "त्यांना कळायला हवं होतं."

"पण पाटी अजून तिथेच आहे."

"म्हणजे?"

जाऊ पुढे आली. "मी ऑफिसात विचारलं. तो कारकून म्हणतो, कोर्टाने पाटी काढा म्हटलंय, कोणी काढायची ते म्हटलेलं नाही. वरून विचारणा होईल, मग बघू. रोज तेच उत्तर. मुदत उलटून गेली, दादा. आता पुन्हा कोर्टात जायचं का? पुन्हा तारखा?"

सुताराने निकालाचा कागद हातात घेतला. त्याला कोर्टाची भाषा कळत नव्हती, पण पाटीची ओळ त्याने बोटाने शोधली आणि दोनदा वाचली. मग त्याने तिला उठायला सांगितलं, मला शेडमध्ये नेऊन माझी लोंबणारी पट्टी काढली, दुसरी बसवली आणि मला हातगाडीवर ठेवलं. शेजारी पेचकस ठेवला.

"हे काय?" इस्त्रीवाली म्हणाली.

"तू म्हणालीस ना, पाटी डोक्याच्या वर आहे. चढायला काहीतरी लागेल."

मी पहिल्यांदा गल्लीच्या बाहेर पडले. लाँड्रीच्या गेटवर पाळी बदलायची वेळ होती. बायका जमल्या होत्या. पाटी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. अक्षर सुंदर होतं. कोणीतरी मन लावून रंगवली होती.

सुताराने मला भिंतीशी ठेवलं तसा रखवालदार आला. "ओ, काय चाललंय? परवानगी आहे का?"

"कोर्टाची आहे," सुतार म्हणाला आणि कागद त्याच्यापुढे धरला. "वाच."

रखवालदाराने कागद वाचला नाही, पाटी वाचली. रोज तिच्याखाली बसूनही आत्ताच वाचत असल्यासारखी. मग त्याने मान वळवली. "मी चहा प्यायला गेलोय," असं म्हणून तो तिथेच उभा राहिला.

सुताराने माझ्यावर पाय ठेवला, तोच इस्त्रीवाली म्हणाली, "दादा, उतरा. मी चढते."

"अगं, एका हाताने..."

"तुम्ही खुर्ची धरा."

ती माझ्यावर चढली. सुताराने माझे दोन्ही हात घट्ट धरले. डाव्या हाताला पेचकसाची सवय नव्हती. तो घसरायचा. तीन स्क्रू निघाले. चौथा गंजलेला होता. आतून सुपरवायझर धावत आला.

"ए, उतर खाली! कोणाच्या परवानगीने..."

"खुर्ची एकच आहे, साहेब," जाऊ मोठ्याने म्हणाली. "नाहीतर तुम्हालाही दिली असती बसायला."

बायका खदाखदा हसल्या. सुपरवायझर लाल झाला. इस्त्रीवालीने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने दात दाबले आणि पेचकस पुन्हा लावला. गंज करकरला. स्क्रू फिरला. पाटी सुटली आणि तिच्या खांद्यावरून खाली जमिनीवर आदळली. ती कोणी उचलली नाही. बायका तिच्यावर पाय देऊन आत गेल्या.

इस्त्रीवाली खाली उतरली. आम्ही निघालो नाही. ती कशाची तरी वाट बघत होती. आत पाळी सुरू झाली. यंत्राची घरघर भिंतीतून ऐकू येऊ लागली. मग एकाएकी ती थांबली. सुपरवायझर आत पळाला. घरघर पुन्हा सुरू झाली आणि थोड्या वेळाने पुन्हा थांबली. कोणाच्या तरी चादरीची घडी दांडीला लागली होती. दांडी सुटी होती. आज जिची पाळी होती, तिने ती बांधली नव्हती.

"आता चला," इस्त्रीवाली म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी सांगायचं असतं की आम्हाला जपा. मला जपू नका. माझी पट्टी तुटली तर सुतार आहे. इस्त्रीवालीला तिचा हात परत बसवून देणारा सुतार मात्र कुठेही नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी कामाला लागाल. कदाचित तुमच्यातलं कोणी सुपरवायझरही होईल. यंत्रापाशी जी दांडी माणसाच्या हातासाठी ठेवलेली आहे ती बांधलेली दिसली, तर सोडा. तुमच्याने सुटत नसेल तर ओरडून चार माणसं गोळा करा. कोणी म्हणेल, काम थांबतंय.

थांबू दे.